होलोकॉस्टच्या दप्तरांत एक माणूस कसा शोधायचा

नाझी जर्मनीने आणि तिच्या साथीदारांनी सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. हाच होलोकॉस्ट. त्या हत्येच्या आगेमागे तयार झालेले कागद आज जर्मनी, ऑस्ट्रिया, पोलंड, इस्राएल, फ्रान्स, ब्रिटन, अमेरिका अशा अनेक देशांत विखुरले आहेत. थोडे आपल्या मुंबईत आणि दिल्लीतही आहेत. नवखा माणूस पहिल्यांदा शोधायला बसतो तेव्हा त्याच्यासमोर हजारो नावं येतात, नाहीतर एकही येत नाही. दोन्ही वेळा तो गोंधळून काम सोडून देतो. हा लेख अशांसाठी आहे.

व्हिएन्नाहून निर्वासित म्हणून मुंबईला आलेल्या एका डॉक्टरांच्या मागे राहिलेल्या नातलगांचा शोध घेताना मी हे काम शिकले. मी इतिहासाची प्राध्यापक नाही आणि जर्मन मला जेमतेम येतं. तरीही हे जमतं. म्हणूनच इथली बरीचशी उदाहरणं व्हिएन्नाची आहेत. बर्लिन, अ‍ॅमस्टरडॅम किंवा वॉर्सातल्या कुटुंबाचा शोध असेल तर दप्तरखान्यांची नावं बदलतील, क्रम साधारण हाच राहील.

सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. छळाचे कागद विपुल आहेत, कारण ते छळणाऱ्यांच्या कचेऱ्यांत रोजच्या कामाचा भाग म्हणून तयार झाले. सुटकेचे कागद फार थोडे आहेत, कारण असा कागद पोलिसांच्या हाती लागला असता तर लपलेला आणि लपवणारा अशा दोघांच्याही जिवावर बेतलं असतं. त्यामुळे या दोन्हींचा शोध वेगवेगळ्या पद्धतीने करावा लागतो. एकाच शोधचौकटीत नाव टाकून दोन्ही सापडतील अशी अपेक्षा ठेवू नका.

१. आधी घरातलं गोळा करा

संगणक उघडण्यापूर्वी वही उघडा. पुढच्या गोष्टींपैकी जितक्या मिळतील तितक्या लिहून काढा:

- पूर्ण नाव, लाडाचं नाव, बाईंचं माहेरचं आडनाव
- जन्मतारीख, ती नसेल तर निदान जन्मवर्षाचा अंदाज
- जन्मगाव, आणि आसपासचं मोठं शहर
- आईवडिलांची आणि जोडीदाराची नावं
- व्यवसाय, आणि स्वखुशीने राहत होते तो शेवटचा पत्ता
- कोण, केव्हा, कोणत्या देशात निसटलं
- पत्रं, पाकिटं, फोटो, पासपोर्ट, बोटीची तिकिटं यांच्या दोन्ही बाजूंचे स्कॅन

पाकिटं टाकून देऊ नका. टपालाचा शिक्का आणि सेन्सॉरची पट्टी यांच्यावरून पत्र कोणत्या महिन्यात कुठे होतं ते कळतं. युद्धकाळात रेड क्रॉसमार्फत जेमतेम २५ शब्दांचे निरोप पाठवता येत. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला उत्तर लिहून परत येई. कित्येक घरांत हे उत्तर म्हणजेच त्या माणसाची शेवटची खूण असते, आणि ते उलट बाजूला असल्यामुळे स्कॅन करायचं राहून जातं.

साधनं फार लागत नाहीत. एक स्प्रेडशीट, फोनवरचं स्कॅनिंग अ‍ॅप आणि भाषांतराचं साधन एवढ्यावर भागतं. जुन्या जर्मन हस्ताक्षरासाठी ट्रान्सक्रिबुस नावाचं साधन उपयोगी आहे. त्या हस्ताक्षराला कुरेंट म्हणतात आणि आजच्या जर्मन माणसालाही ते सहज वाचता येत नाही, तेव्हा ते अडलं म्हणून खचू नका.

२. नावांचं आणि गावांचं कोष्टक करा

हे काम कंटाळवाणं वाटतं, पण अर्ध्याहून अधिक शोध इथेच अडतात. एकाच माणसाचं नाव जर्मन कारकुनाने एक प्रकारे लिहिलं, पोलिश कारकुनाने दुसऱ्या, आणि युद्धानंतर अमेरिकन टंकलेखकाने तिसऱ्या. मोशे, मोझेस, मॉरिट्स, मोरिस हे एकच गृहस्थ असू शकतात. जितकी रूपं सुचतील तितकी रोमन लिपीत लिहून ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी सगळी शोधून पाहा.

जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. १ जानेवारी १९३९पासून ज्या ज्यूंची नावं सरकारी यादीप्रमाणे उघडपणे ज्यू वाटत नव्हती, त्या पुरुषांना ‘इस्राएल’ आणि स्त्रियांना ‘सारा’ हे जादा नाव लावण्याची सक्ती झाली. कागदावर ‘सारा’ दिसली म्हणून ही कुणी दुसरीच बाई असं समजू नका, आणि वंशावळीत ते तिचं खरं नाव म्हणूनही लिहू नका. ते तिच्यावर लादलेलं होतं.

गावांचंही तसंच. ल्व्हिव्ह हेच ल्वूफ आणि लेम्बर्ग. विल्नियस हेच विल्नो आणि विल्ना. वूच शहराला जर्मनांनी लिट्समानश्टाट केलं. जन्माच्या वेळी गाव कोणत्या देशात होतं, १९३९ साली कुठे होतं आणि आज कुठे आहे, असे तीन रकाने करा. ज्यूइशजेन या संकेतस्थळावरचा गावांचा कोश यासाठी उत्तम आहे. उच्चारावरून नाव शोधण्याची सोयही तिथे आहे.

तारखांबाबत एवढंच लक्षात ठेवा, की युरोपी कागदावर आपल्यासारखाच आधी दिवस आणि मग महिना असतो, पण अमेरिकन कागदावर क्रम उलटा होतो. आणि ‘गेब.’ हे जर्मन संक्षिप्त रूप तारखेआधी आलं तर जन्म, आडनावाआधी आलं तर माहेर.

३. पहिले दोन दरवाजे: याद वाशेम आणि आरोलसेन

जेरुसलेमची याद वाशेम ही संस्था १९५३ साली इस्राएलच्या संसदेने कायदा करून स्थापन केली. तिथे मारल्या गेलेल्या ज्यूंच्या नावांची मध्यवर्ती सूची आहे. त्यात आज ५० लाखांच्या आसपास नावं आहेत आणि ती २००४पासून घरबसल्या पाहता येते. यातला मोठा भाग ‘साक्षपत्रां’चा आहे. मेलेल्या माणसाबद्दल नातलगाने, शेजाऱ्याने किंवा वर्गमित्राने भरून दिलेला हा एक पानाचा फॉर्म असतो.

साक्षपत्र पाहताना सगळे वरची माहिती वाचतात आणि खालची सोडतात. फॉर्म कुणी भरला, त्याचं मृताशी नातं काय, तो कुठे राहत होता आणि कोणत्या वर्षी भरला, हे खाली असतं. जिवंत राहिलेल्या शाखेपर्यंत पोचण्याचा रस्ता बहुधा तिथूनच जातो. मात्र साक्षपत्र आठवणीतून भरलेलं असतं. वर्षं चुकतात, गावं चुकतात, एकाच माणसाची तीन पत्रं असतात. क्वचित असंही घडलं आहे, की ज्याच्या नावाने साक्षपत्र भरलं तो माणूस दुसऱ्या देशात जिवंत होता.

दुसरा दरवाजा म्हणजे जर्मनीतल्या बाड आरोलसेन या छोट्या गावातलं दप्तर. पूर्वी त्याचं नाव आंतरराष्ट्रीय शोध सेवा होतं. २०१९पासून आरोलसेन आर्काइव्ह्ज. युद्धानंतर हरवलेल्या माणसांचा शोध घेण्यासाठी इथे छळछावण्यांची, सक्तमजुरीची आणि विस्थापितांच्या तळांची कागदपत्रं गोळा केली गेली. पावणेदोन कोटी माणसांची माहिती आणि सुमारे ३ कोटी दस्तऐवज इथे आहेत. संशोधकांसाठी हा संग्रह २००७ साली खुला झाला, २०१३ साली त्याची युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद झाली, आणि आता त्याचा बराच मोठा भाग ऑनलाइन, विनामूल्य आहे.

आरोलसेनमध्ये नाव सापडलं तर तिथेच थांबू नका. एका नावामागे बंदिवानाचं कार्ड, त्याच्याकडून काढून घेतलेल्या वस्तूंचं कार्ड, दवाखान्याची नोंद आणि एका छावणीतून दुसऱ्या छावणीत पाठवल्याची यादी असे वेगवेगळे कागद असतात. कोणत्या कार्डावरच्या कोणत्या रकान्याचा अर्थ काय, हे समजावणारं ई-गाइड त्यांच्याच संकेतस्थळावर आहे. ते हाताशी ठेवूनच कार्ड वाचा. एखादा माणूस वाचला असेल तर युद्धानंतरचा सीएम-वन नावाचा मदतीचा अर्ज जरूर शोधा. गेल्या काही वर्षांत आपण कुठे राहिलो, काय काम केलं, कुठे जायचं आहे, हे त्यात त्याने स्वतः सांगितलेलं असतं.

नाव सापडलं नाही तर चौकशीचा अर्ज पाठवा. तो विनामूल्य आहे. उत्तराला महिने लागू शकतात, म्हणून हा अर्ज शेवटी न ठेवता पहिल्याच आठवड्यात पाठवून द्या.

४. शहरातला माग: व्हिएन्नाचं उदाहरण

मोठ्या सूचीत माणूस एका ओळीचा असतो. त्याचं आयुष्य दिसायला लागतं ते त्याच्या शहराच्या कागदांत, म्हणून या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या.

मार्च १९३८मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला. त्याआधीचं घर शोधायला लेमानची पत्तेवही पुरेशी आहे. ही व्हिएन्नाची वार्षिक डिरेक्टरी १९४२पर्यंत निघत होती आणि शहराच्या ग्रंथालयाने ती ऑनलाइन ठेवली आहे. घरच्या कर्त्याचं नाव, धंदा, रस्ता, दाराचा क्रमांक सगळं त्यात मिळतं. कोणत्या वर्षीच्या वहीत नाव शेवटचं आहे तेही टिपून ठेवा.

पुढचा कागद मालमत्तेचा. एप्रिल १९३८च्या हुकुमाने ५,००० राइशमार्कांहून अधिक मालमत्ता असलेल्या प्रत्येक ज्यूला ती जाहीर करावी लागली. दुकान, विमा, दागिने, कुणाकडून यायचं येणं, सगळं. लुटीची तयारी म्हणून भरून घेतलेले हे फॉर्म ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत आणि त्यांची नावसूची ‘फिंडबुख’ या संकेतस्थळावर आहे. घरात पियानो होता की नाही हेसुद्धा कधीकधी इथे कळतं. ज्या कुटुंबाचा एकही फोटो उरलेला नाही, त्याची खोली या कागदातून उभी राहते. पुढे नातलग मुंबईला किंवा शांघायला निसटला असेल तर त्याने भरलेला पळून जाण्याचा कर आणि रिकामं केलेलं खातं यांच्या नोंदीही याच फाइलला जोडलेल्या सापडू शकतात.

तिसरा कागद स्थलांतराचा. १९३८मध्ये व्हिएन्नाच्या ज्यू समाजसंस्थेने देश सोडू इच्छिणाऱ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. कोणत्या भाषा येतात, कोणता धंदा नव्याने शिकलात, कुठे जायचं आहे, परदेशात कोण आहे, बरोबर कोण येणार, असे प्रश्न त्यात होते. परदेशातल्या नातलगांच्या रकान्यातून तुम्हाला नव्या शाखा मिळतील. या संस्थेच्या जुन्या दप्तराचा मोठा भाग जेरुसलेममध्ये ज्यू लोकांच्या इतिहासाच्या मध्यवर्ती दप्तरखान्यात आहे.

आणि मग हद्दपारीच्या याद्या. व्हिएन्नाच्या आस्पांग स्थानकावरून गाड्या वूच, रीगा, इझबित्सा, टेरेझीन आणि मिन्स्कजवळच्या माली त्रोस्तिनेत्सकडे गेल्या. याद्यांत नाव, जन्मतारीख आणि शेवटचा पत्ता असतो. ऑस्ट्रियन प्रतिकाराचं दस्तऐवज केंद्र, म्हणजे डीओडब्ल्यू, आपल्या नावसूचीत हे सगळं जोडून दाखवतं. २०२१ साली व्हिएन्नात उभारलेल्या नावांच्या भिंतीवर ६४ हजारांहून अधिक नावं आहेत, त्यावरून कामाचा आवाका लक्षात येईल.

इथला सापळा नीट समजून घ्या. हद्दपारीच्या यादीतला शेवटचा पत्ता बहुतेक वेळा त्या कुटुंबाचं घर नसतो. ज्यूंना घराबाहेर काढून शहराच्या लेओपोल्डश्टाट भागातल्या आणि आसपासच्या सामूहिक खोल्यांत कोंबलं होतं. एका फ्लॅटमध्ये चार-पाच अनोळखी कुटुंबं राहत. तो पत्ता घेऊन तुम्ही व्हिएन्नात गेलात आणि ‘आजोबांचं घर’ म्हणून फोटो काढलात, तर ज्यांनी त्यांना तिथे ढकललं त्यांचंच म्हणणं तुम्ही पुढे नेता. लेमान, मालमत्तेचा फॉर्म आणि शहराच्या दप्तरखान्यातली रहिवास-नोंद ही तिन्ही जुळवून खरं घर ठरवा.

५. कागदाची भाषा आणि कागदाचं मौन

छळणाऱ्याच्या कागदावर खून असा शब्द येत नाही. ‘पूर्वेकडे स्थलांतरित’, ‘मिन्स्कला रवाना’, ‘पत्ता अज्ञात’ असं लिहिलेलं असतं. टिपणं करताना हे शब्द अवतरणात ठेवा आणि शेजारी त्या गाडीचं काय झालं ते लिहा. माली त्रोस्तिनेत्सला पोचलेल्या माणसांना बहुतांशी त्याच दिवशी गोळ्या घालण्यात आल्या किंवा विषारी धुराच्या गाड्यांत मारण्यात आलं. ‘मिन्स्कला स्थलांतर’ एवढंच वंशावळीत गेलं, तर पुढच्या पिढीला वाटेल की आजी मिन्स्कला राहायला गेली.

मृत्यूच्या कारणावरही विश्वास ठेवू नका. नाझींनी व्यापलेल्या पोलंडमधल्या आउश्विट्स छावणीच्या मृत्यूनोंदींच्या वह्यांपैकी ज्या उरल्या त्यांत सुमारे ६९ हजार नावं आहेत आणि कारणं सर्रास बनावट आहेत. पंचविशीतल्या तरुणापुढे ‘हृदयक्रिया बंद’ असं लिहिलेलं दिसतं.

यापेक्षाही अवघड आहे ते मौन. आउश्विट्समध्ये सुमारे १३ लाख माणसं आणली गेली. त्यांपैकी नोंद होऊन क्रमांक मिळाला तो सुमारे ४ लाखांना. उरलेल्यांपैकी बहुतेकांना गाडीतून उतरवून थेट गॅसकक्षांकडे नेलं. त्यांच्या नावाचं छावणीतलं कार्ड कधी तयारच झालं नाही. जे कागद होते, त्यांतलेही बहुतेक छावणी चालवणाऱ्या एसएस या नाझी दलाने पळून जाण्यापूर्वी नष्ट केले. म्हणजे आउश्विट्सच्या सूचीत नाव नाही याचा अर्थ माणूस तिथे गेला नाही, असा होत नाही. तो निघाला त्या शहराची यादी आणि गाडीची तारीख हाच पुरावा.

सोव्हिएत प्रदेशातल्या स्थानिक ज्यूंसाठी तर बहुतेक ठिकाणी गाड्याही नव्हत्या. गावाबाहेरच्या घळीत नेऊन गोळ्या घातल्या. कीव्हजवळ बाबिन यार इथे २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यू मारल्याचा अहवाल मारेकऱ्यांनी स्वतः पाठवला. त्यात आकडा आहे, नावं नाहीत. अशा गावांसाठी तीन ठिकाणी पाहा. सोव्हिएत सरकारच्या असाधारण चौकशी आयोगाची कागदपत्रं, ज्यांच्या प्रती याद वाशेम आणि वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयात आहेत. याद वाशेमची साक्षपत्रं. आणि वाचलेल्या गावकऱ्यांनी मिळून काढलेली ‘यिझकोर’ स्मृतिपुस्तकं. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने ती मोठ्या संख्येने ऑनलाइन ठेवली आहेत आणि ज्यूइशजेनवर अनेकांची इंग्रजी भाषांतरं आहेत.

६. ज्यांचा छळ झाला त्यांनी लिहिलेलं वाचा

फक्त कार्डं वाचत राहिलात तर माणसं छळणाऱ्यांच्या नजरेतूनच दिसतील. म्हणून प्रत्येक शोधात पीडितांनी स्वतः तयार केलेल्या संग्रहातलं निदान एक तरी पान असू द्या. आपलं नाव त्यात नसेल, पण तेच शहर आणि तोच महिना सापडेल.

यातला सर्वांत मोठा संग्रह वॉर्सा घेट्टोतला, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या बंदिस्त वस्तीतला. इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लुम यांनी नोव्हेंबर १९४०मध्ये ‘ओनेग शब्बात’ नावाचा गुप्त गट उभा केला. या गटाने निबंध, रोजनिशा, शाळकरी मुलांचं लेखन, रेशनकार्डं, पोस्टर, जाहिराती, मिठाईचे कागद असं सगळं जमवलं. ऑगस्ट १९४२मध्ये, हजारो माणसं रोज ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेली जात असताना, पहिला भाग दहा पत्र्याच्या पेट्यांत भरून नोवोलिप्की रस्त्यावरच्या ६८ क्रमांकाच्या इमारतीखाली पुरला. फेब्रुवारी १९४३मध्ये दुसरा भाग दुधाच्या दोन मोठ्या कॅनमध्ये भरून पुरला. पेट्या सप्टेंबर १९४६मध्ये ढिगाऱ्याखालून निघाल्या, कॅन डिसेंबर १९५०मध्ये. तिसरा भाग अजून सापडलेला नाही. मिळालेली सुमारे ३५ हजार पानं वॉर्साच्या ज्यू इतिहास संस्थेत आहेत. कुठे पुरलं आहे हे माहीत असलेल्यांपैकी हेर्श वासर वाचले, म्हणून हे सगळं हाती आलं. पेट्यांत पाणी शिरल्याने काही पानं पुसट झाली आहेत. स्कॅनवर ते डाग दिसतात.

फ्रान्समध्ये इझाक श्नेयरसोन यांनी १९४३ साली ग्रनोब्ल इथे गुप्तपणे दस्तऐवज जमवायला सुरुवात केली. तो संग्रह आज पॅरिसच्या शोआ (होलोकॉस्टचं हिब्रू नाव) स्मारकात आहे. लंडनच्या वीनर ग्रंथालयाची मुळं १९३३ साली आल्फ्रेड वीनर यांनी अ‍ॅमस्टरडॅममध्ये सुरू केलेल्या कचेरीत आहेत. जर्मनी-ऑस्ट्रियात ज्यूंवर झालेल्या नोव्हेंबर १९३८च्या हिंसाचारानंतर लगेच घेतलेल्या साडेतीनशेहून अधिक जबान्या तिथे आहेत. व्हिएन्ना-बर्लिनच्या कुटुंबांसाठी त्या फार मोलाच्या आहेत, कारण त्या आठवणीवर धूळ बसण्याआधीच्या आहेत. पोलंडमध्ये मुक्तीनंतर लगेच नोंदवलेल्या सुमारे ७ हजार साक्षी वॉर्साच्या त्याच संस्थेत आहेत.

चित्रफितींतल्या साक्षींसाठी लॉस एंजेलिसच्या शोआ फाउंडेशनचा संग्रह पाहा. तिथे ५० हजारांहून अधिक मुलाखती आहेत. त्यांची खरी ताकद सूचीत आहे. मुलाखतीत कुठल्या मिनिटाला कोणत्या गावाचा, कोणत्या नातलगाचा उल्लेख आला ते त्यात नोंदलेलं आहे. तुमच्या आडनावाऐवजी तुमच्या गावाने शोधा.

७. सुटकेचा माग

इथे पद्धत बदलते. छळाच्या कागदात तुम्ही पीडिताच्या नावाने शिरता. सुटकेच्या कागदात वाचवणाऱ्याच्या नावाने, ठिकाणाने किंवा संस्थेच्या नावाने शिरावं लागतं, कारण लपलेला माणूस खोट्या नावाने जगत होता.

बेल्जियमचं उदाहरण घ्या. तिथे सप्टेंबर १९४२मध्ये ज्यू संरक्षण समिती स्थापन झाली. तिच्या कार्यकर्त्यांनी दोन हजारांहून अधिक मुलांना कुटुंबांत, मठांत, वसतिगृहांत लपवलं. मूल नंतर आईबापांना परत मिळायचं तर नोंद हवी, आणि नोंद सापडली तर सगळे पकडले जाणार. त्यांनी माहिती पाच वेगळ्या वह्यांत विभागली. एका वहीत खरं नाव आणि संकेतांक, दुसरीत खोटं नाव, आणखी एकीत लपण्याची जागा, आणि सगळ्या वह्या वेगवेगळ्या ठिकाणी. एक वही हाती पडून गेस्टापोला, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांना, काहीच कळलं नसतं. सुटकेचे कागद असेच असतात. ते मुद्दाम अपुरे ठेवलेले असतात आणि दोन-तीन ठिकाणचे जोडल्याशिवाय बोलत नाहीत.

कुठे शोधायचं:

- ज्यूंना वाचवणाऱ्या बिगरज्यूंची याद वाशेमची ‘राष्ट्रांतले सज्जन’ ही सूची. १९६३पासून आजवर २८ हजारांहून अधिक बिगरज्यू व्यक्तींना हा मान मिळाला आहे. प्रत्येकामागे साक्षींची फाइल आहे.
- मुलांच्या बाबतीत किंडरट्रान्सपोर्ट. डिसेंबर १९३८ ते सप्टेंबर १९३९ या काळात सुमारे १० हजार मुलं ब्रिटनला पोचली. लंडनची वर्ल्ड ज्यूइश रिलीफ ही संस्था आपल्या जुन्या नोंदी कुटुंबीयांना शोधून देते.
- अमेरिकन ज्यू संयुक्त वितरण समितीचं, म्हणजे ‘जॉइंट’चं दप्तर. पैसे, तिकिटं आणि मदत कुणाला पोचली त्याच्या याद्यांची नावसूची ऑनलाइन आहे.
- व्हिसाच्या आणि संरक्षणपत्रांच्या याद्या. लिथुआनियातल्या कौनासमधले जपानी उपवाणिज्यदूत चिउने सुगिहारा यांनी १९४०च्या उन्हाळ्यात दिलेल्या व्हिसांची २,१००हून अधिक नावांची यादी जपानच्या परराष्ट्र खात्याच्या दप्तरात आहे.

आता इशारे. ‘राष्ट्रांतले सज्जन’ ही सूची फक्त बिगरज्यूंसाठी आहे. ज्या ज्यू तरुणांनी खोटी कागदपत्रं बनवली, मुलांना सीमेपलीकडे नेलं, त्यांची नावं तिथे मिळणार नाहीत. हा मान मिळायला बहुधा वाचलेल्या व्यक्तीची साक्ष लागते, त्यामुळे जिथे लपवणारे आणि लपलेले दोघेही मारले गेले तिथे सूची गप्प असते. व्हिसाच्या यादीतल्या एका नावामागे सगळं कुटुंब असू शकतं. उलट, नाव यादीत आहे म्हणजे माणूस निसटला असंही नाही. व्हिसा खिशात असताना पकडले गेलेले पुष्कळ आहेत. व्हिसानंतर बोटीची यादी, बंदरावरची नोंद, पुढच्या देशातला अर्ज असा निदान आणखी एक कागद मिळाल्याशिवाय ‘वाचले’ असं लिहू नका.

रिंगेलब्लुम यांचंच पाहा. घेट्टोतून बाहेर काढून त्यांना, त्यांच्या पत्नीला आणि मुलाला वॉर्सातल्या ग्रुयेत्स्का रस्त्यावर एका माळ्याच्या काचघराखालच्या तळघरात इतरांबरोबर लपवलं होतं. मार्च १९४४मध्ये जागा उघडकीस आली. लपलेले सगळे आणि त्यांना आसरा देणारे मिएचिस्वाव वोल्स्की मारले गेले. ही सुटकेची फाइल आहे की छळाची? दप्तरखान्यात ती दोन्हीकडे सापडेल, आणि तुम्हीही दोन्हीकडे शोधायला हवं.

८. भारतातले धागे

मुंबईत १९३४ साली ज्यू मदत संघ स्थापन झाला. युरोपातून येणाऱ्यांना आधार देणं, ते सरकारवर भार होणार नाहीत याची हमी देणं, नोकरी शोधून देणं ही त्याची कामं होती. आकाशवाणीच्या ओळखधुनीशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते संगीतकार वॉल्टर काउफमान प्रागहून त्याच वर्षी मुंबईत आले.

कुटुंबातलं कुणी असं आलं असेल तर एक गोष्ट तपासाच. सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध सुरू होताच जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांना शत्रूदेशाचे म्हणून पकडण्यात आलं, आणि त्यांत हिटलरपासून पळून आलेले ज्यूही होते. अहमदनगर, देवळाली, सातारा, पुरंदर, देहरादून इथल्या नजरकैदेच्या तळांची नावं या कागदांत येतात. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या गृह खात्याच्या फाइली ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर शोधता येतात. मुंबईत फोर्टमधल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं दप्तर आहे. इथे शोधताना माणसाच्या नावाइतकेच ‘ज्यूइश रेफ्युजीज’, ‘एनिमी एलियन्स’, ‘पॅरोल सेंटर’ हे त्या काळचे सरकारी शब्द इंग्रजीत टाकून पाहा. वाचनकक्षात जाताना ओळखपत्र, अर्ज आणि विषयाचं चार ओळींचं टिपण न्या.

आणि कोल्हापूरकरांसाठी खास. वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहत होते. ‘कोल्हापूरने ज्यूंना आसरा दिला’ असे संदेश अधूनमधून फिरतात. वळिवड्यातले बहुतेक लोक कॅथलिक होते आणि पूर्व पोलंडमधून सोव्हिएत सत्तेने त्यांना सायबेरिया-कझाकस्तानकडे हाकललं होतं. त्यांची यातना खरी होती आणि कोल्हापूरचा आसराही खरा होता. पण हा वेगळा इतिहास आहे आणि त्याचे कागदही वेगळे आहेत. दोन्हींची सरमिसळ केली तर होलोकॉस्ट नाकारणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळतं.

९. अर्ज लिहिताना

पत्र छोटं, इंग्रजीत किंवा त्या देशाच्या भाषेत. पहिल्या परिच्छेदात कोण शोधायचा आहे, जन्मतारीख, जन्मगाव, नावाची सगळी रूपं. दुसऱ्यात तुमचं नातं किंवा संशोधनाचा हेतू. तिसऱ्यात आधी कुठे कुठे पाहिलं आहे ते. कुटुंबाची पूर्ण करुण कहाणी लिहू नका. दप्तरखान्यातल्या माणसाला शोधायला तारीख आणि गाव लागतं. नुकसानभरपाईच्या युद्धोत्तर फाइलींसाठी नात्याचा पुरावा, मृत्यूचा दाखला, कधी कुटुंबीयांचं संमतीपत्र मागतात. काही कचेऱ्या शुल्क घेतात, ते आधी विचारा. कोणता संग्रह कुठल्या देशात आहे हेच कळत नसेल तर एहरी या युरोपीय प्रकल्पाच्या पोर्टलवर देशवार वर्णनं आहेत.

१०. नोंद ठेवा, आणि सापडलेलं परत द्या

प्रत्येक स्कॅनबरोबर दप्तरखान्याचं नाव, संग्रहाचा क्रमांक, दस्तऐवजाचा क्रमांक आणि पाहिल्याची तारीख लिहा. आरोलसेनचे क्रमांक १.१.५.३ असे ठिपक्यांचे असतात. ते पूर्ण उतरवा. स्प्रेडशीटमध्ये ‘कागद काय म्हणतो’ आणि ‘मला काय वाटतं’ हे दोन रकाने वेगळे ठेवा. छळणाऱ्यांनी काढलेले अपमानाचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. कुणाच्या तरी आजीचा तो शेवटचा फोटो आहे. हे कागद वाचताना रात्र झाली की बंद करा. सलग याद्या वाचत बसणं कुणालाच सोसत नाही, आणि थकलेल्या डोळ्यांनी तारखा चुकीच्या उतरतात.

याद वाशेमच्या सूचीत तुमच्या माणसाचं नाव नसेल तर साक्षपत्र भरा. असेल आणि चूक असेल, तर पुराव्यासह दुरुस्ती कळवा. घरच्या कपाटात मूळ पत्रं असतील तर त्यांना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, टाचण्या काढून टाका. आम्लरहित कागदाच्या पाकिटात, पावसाळ्यात ओल येणार नाही अशा जागी ठेवा. फोटोच्या मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने. मूळ कागद एखाद्या दप्तरखान्याला द्यायचे ठरलं तर आधी दोन्ही बाजू स्कॅन करा, आणि ही पत्रं मुंबईत कुणाकडे, कधीपासून होती ते एका पानावर लिहून सोबत जोडा.